स्वयंचलित फाटकांची दुरुस्ती : पुण्याच्या पेठा

पुण्याच्या जुन्या पेठांत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारात मोटरवर चालणारी लोखंडी फाटके दिसतात. ती चालती ठेवण्याचे काम वेल्डिंग, वीजकाम, गवंडीकाम आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स यांच्या सरमिसळीतून होते. रोजच्या बोलण्यात याला ‘ऑटोमॅटिक गेट’ किंवा नुसते ‘मोटरचे गेट’ म्हणतात. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार या पेठांत ही दुरुस्ती मोकळ्या उपनगरातल्यासारखी होत नाही. यंत्र तेच असले तरी जमीन, पाणी, भिंत आणि जागा वेगळी असते. बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा या चौघांतच सापडते, आणि मोटर बिचारी त्याचा भार वाहत वाहत जळते.

वाड्याचा दरवाजा : पेठांना मोठे दार नवे नाही. दगडी जोते, त्यावर सागवानी चौकट, तिच्यात दोन जाड कवाडे, आतून आडवा सरकणारा अडसर आणि एका कवाडात माणसापुरती दिंडी, अशी वाड्याच्या दाराची रचना असे. मोठी कवाडे लग्नकार्याला किंवा बैलगाडी आत घ्यायची असेल तेव्हाच सताड उघडत. एरवीची ये-जा दिंडीतून, मान लववून. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही अणकुचीदार खिळ्यांच्या भल्याथोरल्या कवाडांत अशी दिंडी आहे. शत्रूला एकदम घुसता येऊ नये हा तिथला हेतू. घरगुती वाड्यात मात्र दिंडीचा उपयोग साधा होता : मोठे दार अडले तरी घर अडत नसे. मोटरचे गेट बसवताना पुष्कळ ठिकाणी नेमकी हीच गोष्ट सुटली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पुरात कोसळले. जे उरले त्यांपैकी बरेच पुढच्या दशकांत मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्या करारांतून अपार्टमेंट झाले. वाड्याच्या चौकाच्या जागी खांबांवरचे पार्किंग आले आणि सागवानी कवाडांच्या जागी लोखंडी पाइपांचे गेट. सुरुवातीला ते वॉचमन हाताने ढकलत असे. मोटर त्यानंतर आली.

यंत्र : मोटरच्या फाटकांच्या धंद्यात इटलीतल्या कारखान्यांचे नाव मोठे आहे. त्यांतला ‘फाक’ हा कारखाना जुझेप्पे मानिनी यांनी १९६५ साली बोलोन्याजवळ काढला. ते शहरही दाट, जुने आणि अरुंद गल्ल्यांचे आहे.

पेठांत दोन तऱ्हा दिसतात. पहिली सरकत्या गेटाची. पल्ला, म्हणजे फाटकाचे पान, जमिनीवरच्या रुळावर चाकांनी धावतो, त्याच्या खालच्या अंगाला दातेरी पट्टी म्हणजे रॅक असते आणि मोटरचे दातेरी चक्र ती पट्टी पुढेमागे ओढते. दुसरी बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या दोन पल्ल्यांची. त्यात प्रत्येक पल्ल्याला एक लांबणारा-आखडणारा दांडा असतो. सरकत्या गेटाच्या मोटरीत बहुधा वर्म गिअर, म्हणजे आट्यांच्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक, असतो. मोटर पल्ल्याला ढकलू शकते, पण पल्ला मोटरला उलटी फिरवू शकत नाही, हा त्याचा गुण. त्यामुळे बंद गेट कुलपाशिवाय घट्ट राहते. याच गुणामुळे वीज गेली की गेट हाताने हलत नाही. मग मोटरच्या अंगावरच्या छोट्या दारात किल्ली घालून क्लच, म्हणजे मोटर आणि दातेरी चक्र यांना जोडणारा भाग, सोडवावा लागतो. ही किल्ली कुठे आहे हे अख्ख्या सोसायटीत एकालाच ठाऊक असते, आणि तो गावाला गेलेला असतो. किल्लीची दुसरी प्रत हाताशी, ठरलेल्या खुंटीवर टांगलेली असणे ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे.

जागा आणि जमीन : सरकत्या गेटाला उघडल्यावर जाऊन थांबायला स्वतःच्या रुंदीइतकी आणि वर वीतभर मोकळी भिंत लागते. पेठेतल्या प्लॉटचा दर्शनी भाग मुळात चिंचोळा, त्यात जिना, मीटरची खोली आणि एखादे दुकान. तेवढी भिंत मिळत नाही, म्हणून पल्ला दोन तुकड्यांत करून एकामागे एक सरकवतात. बिजागरीचे पल्ले बाहेर उघडले तर थेट बोळात जातात. आत उघडावे तर पार्किंगचा उतार त्यांना घासतो.

त्याहून वाईट गोष्ट रस्त्याच्या उंचीची. दर डांबरीकरणाला आणि काँक्रिटीकरणाला बोळ थोडा वर चढतो आणि इमारतीचे दार तिथेच राहते. काही वर्षांत गेटचा रूळ पन्हळ बनतो. पावसाचे पाणी, माती, सुपारीच्या पुड्या, बाटल्यांची झाकणे सगळे तिथे येऊन बसते. पाण्याच्या नळासाठी किंवा केबलसाठी दारापुढे खणले की भरताना माती नीट दाबली जात नाही आणि पहिल्या पावसात रूळ एका बाजूने खचतो. तो खचला की पल्ला खाली येतो, रॅक चक्रावर टेकते आणि एरवी रुळाने पेलायचे वजन मोटरच्या गिअरवर येते. रॅक आणि चक्र यांच्या दात्यांत १ ते २ मिमी फट राहिली पाहिजे. ही फट नाहीशी होणे हे पेठांतल्या गिअर झिजण्याचे खरे कारण आहे. गिअर बदलून फट तशीच ठेवली तर नवा गिअरही त्याच वाटेने जातो.

प्रस्तुत लेखकाच्या नारायण पेठेतल्या इमारतीत ऐन श्रावणात गेट अर्ध्यापर्यंत जाऊन परत फिरू लागले. पहिल्यांदा आलेल्या माणसाने मोटरला हुकूम देणारा कंट्रोल बोर्ड गेला असे सांगून नवा बसवला. गेट चार दिवस चालले आणि पुन्हा तेच. मग एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी बोर्डाच्या डब्याला हातही लावला नाही. क्लच सोडला, एका हाताने पल्ला ढकलला आणि कान देऊन ऐकत राहिले. मधोमध पोचायच्या आधी पल्ला जड झाला, खर्र आवाज आला. ‘आधी गेट हाताने पळू द्या, मग मोटरचं बघू,’ म्हणाले. स्क्रूड्रायव्हरने रुळातली चिकट माती उकरली, जॅक लावून पल्ला उचलला, पुढचे चाक काढून आम्हाला दाखवले. बेअरिंग गंजून गच्च झाले होते आणि न फिरता घासत गेल्यामुळे चाकाला एका बाजूला चपटा डाग पडला होता. बोर्डाला वाटत होते की वाटेत कोणी आले आहे, म्हणून तो गेट मागे घेत होता. म्हणजे तो आपले काम चोख करत होता. दोन चाके बदलली, रॅकचे बोल्ट सैल करून ती किंचित वर घेतली, आणि जुनाच बोर्ड परत लावून गेट चालले. नव्या बोर्डाचे पैसे वाया गेले ते गेलेच. त्या दिवसापासून कोणी ‘बोर्ड गेला’ म्हटले की मी आधी क्लच सोडून पल्ला हाताने ढकलून पाहतो.

रॅक बदलतानाची एक खूण सांगण्याजोगी आहे. पट्ट्या सहसा ४ मोड्यूलच्या असतात, म्हणजे एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत सुमारे १२.५७ मिमी. पट्ट्या मीटर-मीटरच्या तुकड्यांत येतात. दोन तुकड्यांच्या सांध्यावर हे अंतर चुकले की प्रत्येक फेरीला तिथे ‘टक्’ असा धक्का बसतो. जाणता कारागीर तिसरा तुकडा उलटा धरून सांध्यावर दाते दात्यांत बसवतो आणि मगच बोल्ट आवळतो. टेपने मोजून हे साधत नाही.

भिंत : पेठेत गेटचा खांब पुष्कळदा शेजारच्या जुन्या वाड्याच्या सामाईक भिंतीला टेकवलेला असतो. ती भिंत विटा, चुना आणि पांढऱ्या मातीची. फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतवायचा बोल्ट, ठोकला की तो पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. पल्ल्याच्या रोजच्या हिसक्यांनी भोक रुंदावत जाते आणि भिंतीतून माती झरू लागते. फास्टनर अधिक लांब घेतल्याने काही होत नाही. खांबाला स्वतःचा पाया द्यावा आणि भिंतीपासून बोटभर सुटा ठेवावा, हाच उपाय. यात शेजाऱ्याच्या वाड्याचीही काळजी घेतली जाते. शंभर-दीडशे वर्षे उभ्या असलेल्या भिंतीला एका गेटासाठी खिळखिळी करणे योग्य नाही.

विजेचा भाग : मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तेव्हा पल्ला अडकलेला नसेल तर मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर मेलेला असतो. मोटर फिरते पण गेट हलत नाही, तेव्हा क्लच सुटा राहिलेला असतो किंवा गिअरचे दाते गेलेले असतात. गेट शेवटाला थांबत नाही, तेव्हा रॅकवरचे लिमिट स्विचचे लोहचुंबक किंवा पत्रा सरकलेला असतो. नवा बोर्ड लावल्यावर ‘उघड’ म्हटले की गेट बंद होते, तेव्हा मोटरच्या दोन तारा अदलाबदल कराव्या लागतात, आणि सोबत लिमिटच्याही. हे दुसरे विसरले तर गेट शेवटाला जाऊन आपटते.

कंट्रोलच्या डब्यात मुंग्या घर करतात आणि ऊब शोधत पाल शिरते. दोन टोकांवर पाय पडले की पाल जाते आणि बोर्डही. वायरच्या भोकाला रबरी ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारे बूच) किंवा थोडे सिलिकॉन लावले की हे टळते, इतके साधे काम आहे. फोटोसेल म्हणजे दारातून जाणारी अदृश्य किरणरेषा. ती तुटली की बंद होणारे गेट थांबते किंवा उलटे फिरते. पार्किंगला जागा नसल्याने दुचाकीचे चाक या रेषेत उभे असते. दसऱ्याला गेटला बांधलेल्या झेंडूच्या तोरणाचा लोंबता पदरही तेच करतो. सणाच्या सकाळी येणाऱ्या तक्रारीला फुलाची माळ वीतभर वर बांधणे एवढीच दुरुस्ती पुरते.

रिमोट साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. घराला घर लागून असलेल्या पेठेत या लहरींची गर्दी होते आणि रिमोट लांबून चालेनासा होतो. जुन्या, ठरावीक कोडच्या रिमोटची नक्कल किल्लीवाला सहज करून देतो. दर वेळी कोड बदलणारे रिमोट घ्यावेत, आणि भाडेकरू बदलला की बोर्डाच्या स्मृतीतून त्याचा रिमोट पुसून टाकावा.

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार. चोवीस व्होल्टच्या मोटरीला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतील तर त्या वेळात गेट चालते. मात्र त्या बॅटऱ्या कधी बसवल्या याची तारीख डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवावी, नाहीतर त्या मेल्याचे वीज गेल्यावरच कळते. गणेशोत्सवात बोळांत मांडवाचे वासे दाराच्या वीतभर जवळ येतात. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि रस्ते बंद असल्याने दुरुस्तीचा माणूस पोचू शकत नाही. त्या दिवसांत गेट क्लच सोडून हातावर ठेवणे शहाणपणाचे.

सुरक्षितता : सर्वांत गंभीर अपघात पल्ला पडण्याचा. तीनचारशे किलोचे लोखंड लिमिट चुकून रुळाबाहेर गेले आणि शेवटाला भक्कम स्टॉपर नसला तर ते जवळच्या माणसावर कोसळते. मुले गेटवर लटकून झोके घेतात, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो. दुरुस्ती कसलीही असो, स्टॉपर आणि पल्ला उभा धरणारे वरचे गाइड रोलर हलवून पाहिल्याशिवाय कारागिराने हत्यारे गुंडाळू नयेत. युरोपातल्या एन १२४५३ या मानकाप्रमाणे बंद होत आलेल्या गेटाने अडथळ्यावर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोच्या भारापेक्षा, जास्त दाब देता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो उतरला पाहिजे. आपल्याकडे लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम आहे. त्याच इमारतीच्या दारातले मोटरचे गेट त्यात बसत नाही. लिफ्टइतकेच वजन, लिफ्टइतकीच वर्दळ आणि तपासणी मात्र नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

सुटे भाग : पेठांची एक जमेची बाजू आहे. रविवार पेठेतली बोहरी आळी बेअरिंग, चाके आणि बोल्टांसाठी, तपकीर गल्ली वीजसामानासाठी, पासोड्या विठोबाजवळचा बाजार कपॅसिटर आणि रिलेसाठी, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे इथे दुकाने उघडी असतील तर गेट त्याच दिवशी चालू होऊ शकते, आणि अख्खी मोटर बदलण्याऐवजी नेमका गेलेला भाग बदलणे परवडते.

दिंडीचे पुनरागमन : काही सोसायट्यांनी जुन्या गेटातच माणसापुरते दार कापून घेतले आहे. काम वाटते तितके सोपे नाही. पल्ल्याची मधली पाइप कापली की तो झोळ खातो, म्हणून दिंडीभोवती आधी चौकोनी चौकट वेल्ड करून मगच आतल्या पाइपा कापतात. दिंडीचा खालचा पाइप जमिनीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका बरा, कारण वयस्कर माणसे त्यालाच अडखळतात. आणि दिंडीच्या चौकटीत एक स्विच बसवून त्याची तार मोटरच्या ‘थांब’च्या जोडणीला नेतात, म्हणजे कोणी दिंडीतून पाय टाकत असताना वरच्या मजल्यावरून रिमोट दाबला गेला तरी पल्ला हलत नाही. ही तार पल्ल्याबरोबर रोज पुढेमागे वाकते, म्हणून ती जाड लवचिक नळीतून न्यावी आणि दर पावसाळ्याआधी एकदा हाताने चाचपून पाहावी.