जुन्या शिडाच्या होड्यांची वंशावळ

जुनी लाकडी शिडाची होडी विकत घेणाऱ्याच्या हाती सहसा होडीचे लाकूड, क्रमांक शिवलेले शीड आणि विकणाऱ्याने सांगितलेली हकिकत एवढेच येते. ही होडी कुणी बांधली, आधी कुणाकडे होती, तेव्हा तिचे नाव काय होते, याची उत्तरे त्या हकिकतीत क्वचितच धड सापडतात. पुण्याला समुद्र नसला तरी हा प्रश्न परका नाही. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले, जानेवारी १९५५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी त्याच्या काठी आली, आणि तेव्हापासून छात्रांच्या कित्येक पिढ्या या पाण्यावर शीड हाकायला शिकल्या.

मोठ्या नौकांचा पूर्वेतिहास तुलनेने सोपा असतो, कारण त्यामागे कायदा उभा आहे. ब्रिटनच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टनुसार नोंदणीकृत जहाजाचा अधिकृत क्रमांक त्याच्या मुख्य आडव्या तुळईवर कोरावा लागे. रंग बदलला, नाव बदलले, तरी तो क्रमांक तसाच राही. खासगी नौकांसाठी १८७८ ते १९८० या काळात लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स प्रसिद्ध होत असे आणि त्यात नौकेचे नाव, पूर्वीची नावे, मालक, आरेखक आणि बांधणारा यांची नोंद असे. या रजिस्टराचे खंड ओळीने पाहत गेले की एका नौकेचे चार मालक आणि तीन नावे अनेकदा एका बैठकीत सापडतात. मात्र बारा-चौदा फुटी होड्यांना या खंडांत सहसा जागा नव्हती. त्यांची नोंद करणे कायद्याने आवश्यक नव्हते आणि त्यांची किंमतही तेवढी नव्हती.

त्यांच्या नोंदी झाल्या त्या शर्यतींमुळे. डब्लिनजवळ १८८७ मध्ये वॉटर वॅग हा वर्ग, म्हणजे एकाच आराखड्याच्या होड्यांचा गट, सुरू झाला, त्यामागचा विचार असा की सर्व होड्या एकसारख्या असाव्यात, म्हणजे जिंकेल तो कौशल्यावर जिंकेल, पैशावर नाही. होड्या एकसारख्या ठेवायच्या तर प्रत्येकीचे मोजमाप कुणीतरी करून ते लिहून ठेवणे आले. १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या सीबर्ड हाफ रेटर वर्गात प्रत्येक होडीला एका समुद्रपक्ष्याचे नाव देण्याचा रिवाज आहे, त्यामुळे तिथे नावावरूनही माग काढता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. जलरोधक प्लायवूड आणि नवे गोंद आल्यावर सामान्य माणूस घरी होडी बांधू लागला. जॅक होल्ट यांनी १९४९ मध्ये जीपी १४ आणि १९५६ मध्ये निळ्या शिडांची एंटरप्राइज आरेखित केली, आणि बॅरी बकनेल यांच्यासह केलेली त्यांची लाल शिडांची मिरर १९६३ मध्ये लोकांपुढे आली. एंटरप्राइज वीस हजारांहून अधिक झाल्या, मिरर सत्तर हजारांच्या आसपास. एवढ्या गर्दीत नाव ही ओळख उरत नाही, क्रमांकच उरतो. वर्गसंघटना, म्हणजे त्या वर्गाचा कारभार पाहणारी संस्था, शुल्क घेऊन क्रमांक देई, तो लाकडात कोरला जाई, शिडावर शिवला जाई आणि मोजमापाच्या प्रमाणपत्रावर मालकाच्या नावासह लिहिला जाई. होडी विकली गेली की प्रमाणपत्रावर नव्या मालकाची नोंद करून घ्यावी लागे. शर्यत न्याय्य व्हावी म्हणून सुरू झालेली ही वही अशा रीतीने मालकीची वही झाली.

इतिहाससंशोधनात अस्सल कागद आणि बखर यांत जो फरक पुण्याने महाराष्ट्राला शिकवला, तोच इथेही पाळावा लागतो. मालकाची आठवण ही बखर आहे. ती टाकून द्यायची नाही, पण तिच्यातली तारीख प्रमाणपत्राशी पडताळल्याशिवाय मानायची नाही.

काही होड्यांचे नाव आणि ओळख कधी सुटलेच नाहीत. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप यांना लग्नात भेट मिळालेली ड्रॅगन वर्गाची ब्लूबॉटल १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून गेली. फ्रँक डाय यांनी आइसलंड आणि नॉर्वेपर्यंत नेलेली वेफेअरर वर्गातील ४८ क्रमांकाची वाँडरर इंग्लंडमधील फाल्मथच्या संग्रहालयात आहे. आपल्याला जवळची वाटावी अशी सुहेली तर मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधली गेली, आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण ही भाग्यवान उदाहरणे झाली. सामान्य होडीला प्रसिद्धी नसते, म्हणून तिचे लाकूडच तपासावे लागते.

हे तपासणे चिकाटीचे काम आहे. मागच्या सपाट फळीवरचा रंग पॉलिश पेपरने थराथराने उतरवला, तर निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली व्हार्निश लागते आणि तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांच्या कडा दिसू लागतात. कोरलेला क्रमांक बहुधा आतल्या बाजूला, कण्यावर (तळाच्या लांब लाकडावर) किंवा पाण्यात खाली सोडायच्या मधल्या पात्याच्या पेटीजवळ असतो. कागद ठेवून पेन्सिल घासली की पुसट आकडाही उमटतो. शिडावरच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण शिडे एका होडीवरून दुसरीवर सर्रास जातात. त्या क्रमांकाआधीची देशाची अक्षरे काळ सांगतात: ब्रिटनचे जुने एकट्या ‘के’चे चिन्ह १९९२ नंतर जाऊन तीन अक्षरे आली. बांधणाऱ्याची पितळी पट्टी काढून कुणी जुन्या बाजारात विकली असेल, तर पट्टी आणि होडी दोघींचेही नुकसान होते.

आपल्याकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया १९६० ची, आणि बहुतेक होड्या व्यक्तींच्या नव्हे तर संस्थांच्या. साठा-नोंदवहीत होडी एक वस्तू म्हणून चढते आणि निकामी ठरली की कमी होते. लिलावानंतरचा मालक त्या वहीला ठाऊक नसतो. साखळी तुटते ती नेमकी इथे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण लिलावाच्या पावतीवर क्रमांकाची एक ओळ लिहिणे कुणालाही जड नव्हते. पुण्यात त्यात १२ जुलै १९६१ ची भर पडली. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांची कागदपत्रे मुठेच्या पाण्यात गेली.

तरीही मार्ग पूर्ण बंद होत नाही. शर्यतींच्या फिरत्या ढालींवर विजेत्याबरोबर काही ठिकाणी होडीचे नाव आणि साल कोरलेले असते. सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या घरच्या अल्बममध्ये रेगाटाची, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या मेळ्याची, छायाचित्रे असतात, आणि भिंगातून पाहिल्यास शिडावरचा क्रमांक कित्येकदा स्वच्छ वाचता येतो. असे छायाचित्र शिडाबरोबर लाकडाची ठेवण आणि रंगही दाखवत असेल, आणि त्यामागची तारीख वर्गसंघटनेच्या वहीतील नोंदीशी जुळत असेल, तर मधला हरवलेला मालक जागेवर बसतो.