तास बुडवूनही गुण कसे मिळतात?

बडोद्यातील मराठी घरांत, विशेषतः दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या जुन्या वस्तीत, असा एखादा मामा किंवा काका हमखास सापडतो, ज्याने महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकताना वर्गाचे तोंड क्वचितच पाहिले, वर्षभर क्रिकेट खेळले, गणेशोत्सवात नाटके बसवली आणि तरीही पहिला वर्ग मिळवला. ही कथा पुढच्या पिढीला कौतुकाने ऐकवली जाते आणि ऐकणारा एस.वाय.चा विद्यार्थी तिच्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढतो. कथा खोटी असते असे मुळीच नाही. ती नेमके काय सिद्ध करते, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी बरेच काम करून ठेवले आहे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी तेथील काही नामवंत संस्थांमधील अर्थशास्त्राच्या वर्गांची पाहणी केली आणि ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत कोणत्याही साधारण दिवशी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी गैरहजर असल्याचे त्यांना आढळले. तास बुडवणे ही काही आपल्याकडचीच खोड नाही, एवढे त्यावरून कळते. पुढे २०१० मध्ये मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील उपलब्ध अभ्यास एकत्र केले. सुमारे २१ हजार विद्यार्थ्यांच्या माहितीवरून त्यांनी हजेरी आणि त्या विषयातील गुण यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती प्रमाणात बरोबरीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) काढला, तो ०.४४ भरला. महाविद्यालयीन यशाचा अंदाज बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रवेश परीक्षा, शाळेतील गुण, अभ्यासाच्या सवयी या साऱ्यांपेक्षा हजेरीवरून अधिक चांगला अंदाज बांधता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता ०.४४ या आकड्याचा अर्थ लावताना घाई करून चालत नाही. सहसंबंधाच्या संख्येचा वर्ग केला, तर विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधील गुणांच्या फरकाचा किती भाग त्या एका गोष्टीशी जोडता येतो हे कळते. येथे तो सुमारे एक-पंचमांश आहे. उरलेल्या चार-पंचमांश भागात कितीतरी अपवाद आरामात बसतात. आपला मामा त्यांपैकीच एक. शिवाय तास बुडवून नापास झालेले किंवा एटीकेटी घेऊन वर्षानुवर्षे रखडलेले नातेवाईक लग्नाच्या पंगतीत आपली कथा सांगत बसत नाहीत, त्यामुळे कानावर पडणारा नमुना मुळातच एकतर्फी असतो.

याहून मोठी अडचण अशी की हजेरीमुळे गुण वाढतात, की ज्यांना गुण मिळायचेच असतात तेच नेमाने वर्गात येतात, हे नुसत्या सहसंबंधावरून ठरत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी डॉबकिन, गिल आणि मॅरियन या अर्थशास्त्रज्ञांनी एक सुरेख युक्ती केली. अर्थशास्त्राच्या तीन मोठ्या वर्गांत त्यांनी असा नियम लावला, की मधल्या परीक्षेत मध्यकापेक्षा, म्हणजे वर्गाचे वरचा आणि खालचा असे दोन समान भाग पाडणाऱ्या गुणांपेक्षा, कमी गुण मिळालेल्यांनी पुढचे तास सक्तीने करायचे आणि इतरांना मोकळीक राहील. मध्यकाच्या किंचित खाली आणि किंचित वर असलेल्या मुलांच्या कुवतीत फरक जवळपास नसतोच, पण या नियमामुळे त्यांच्या हजेरीत मात्र ३६ टक्के-बिंदूंचा फरक पडला. अंतिम परीक्षेत हजेरीच्या दर १० टक्के-बिंदूंमागे ०.१७ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) इतकी वाढ दिसली. शंभर गुणांच्या पेपरात वर्गाचे प्रमाण विचलन १५ गुण धरले, तर ही वाढ सुमारे अडीच गुणांची होते. परिणाम लहान आहे, पण खरा आहे.

याच्या उलट जाणारा पुरावाही आहे. एका मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी सरासरी कमी पडलेल्यांवर दुसऱ्या वर्षी हजेरीची सक्ती होती. तेथील नोंदी तपासल्या तेव्हा हजेरी वाढली, गुणांची सरासरी मात्र वाढली नाही आणि काही विषयांत तर ती घटली. दोन चांगल्या अभ्यासांची उत्तरे अशी वेगळी निघतात, तेव्हा ‘वर्गात बसणे’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जात असाव्यात, अशी शंका घेणे रास्त ठरते. वर्गात नसलेला विद्यार्थी हंसा मेहता ग्रंथालयात टिपणे काढत असू शकतो किंवा फतेगंजात चहाच्या टपरीवर बसलेला असू शकतो. हजेरीपटावर दोघेही सारखेच. गुजरातेत तर आणखी एक गंमत आहे: महाविद्यालयाचा तास न चुकता बुडवणारा विद्यार्थी संध्याकाळच्या ट्यूशनला तितक्याच नेमाने जातो. त्याने शिकणे सोडलेले नसते, फक्त शिकण्याची जागा बदललेली असते. त्याच्या गुणांचे श्रेय दांडीला देणे हा हिशेबातील घोटाळा आहे.

तेव्हा हजेरीपट बाजूला ठेवून मेंदूत काय घडते ते पाहिले पाहिजे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळेच्या तुलनेत किती श्रम वाचतात हे मोजायचे, अशी त्याची रीत होती. एका दिवसाने ही बचत ३४ टक्क्यांवर आली होती आणि ३१ दिवसांनी २१ टक्क्यांवर. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच उरकतो. त्यानंतर उतार मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर याहून सावकाश विसरला जातो, पण वक्ररेषेचा आकार साधारण तोच राहतो. जानेवारीत ऐकलेले व्याख्यान एप्रिलपर्यंत नुसत्या हजेरीच्या पुण्याईवर टिकत नाही, हे यातून उघड होते. वर्गात बसून पुन्हा कधीच वही न उघडणारा आणि वर्गात न बसणारा यांच्यातील अंतर परीक्षेपर्यंत बरेच कमी झालेले असते.

मग टिकते काय? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर पारडे फिरले: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आठवणे ही नुसती साठा तपासण्याची क्रिया नाही. आठवताना ती स्मृती स्वतःच बळकट होते. याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात, वारंवार वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात राहण्याबद्दल अधिक खात्री वाटत होती, प्रत्यक्षात मात्र आठवड्याने तेच मागे पडले. रात्र जागवून गाईड चाळणाऱ्याला सकाळी जो आत्मविश्वास वाटतो त्याचे मूळ येथे आहे. तो आत्मविश्वास सर्वस्वी खोटाही नसतो, कारण परीक्षा दुसऱ्याच दिवशी असते आणि एवढ्या थोड्या अवधीसाठी घोकंपट्टी खरोखर पुरते.

निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उजळण्यांमधील अंतराचा अभ्यास केला. आठवड्याने चाचणी असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात सुमारे एका दिवसाचे अंतर सर्वांत लाभदायक ठरले. सुमारे वर्षभराने चाचणी असेल तर तेच अंतर तीन आठवड्यांच्या आसपास गेले. माझ्या मते वर्गाचा खरा उपयोग येथे दडलेला आहे. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तोच विषय समोर येतो, मागचा धागा आठवावा लागतो, एखादा प्रश्न अंगावर येतो. अंतर राखून आठवण्याची ही योजना वेळापत्रक विद्यार्थ्याच्या नकळत राबवत असते. ज्याला ती स्वतःहून राबवता येते त्याला वर्गाची गरज कमी, आणि तास बुडवूनही चांगले गुण मिळवणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांत असे काही जण निश्चित असतात. ते आळशी मुळीच नसतात, फक्त त्यांचे कष्ट कोणाला दिसत नाहीत.

दुसरा गट पूर्वतयारीच्या बळावर तरतो. नवशिक्याला पायरीपायरीने दिलेले मार्गदर्शन उपयोगी पडते, परंतु जाणकाराला तेच मार्गदर्शन निरुपयोगी, कधी कधी अडथळ्याचे ठरते, असे स्लाव्हा कल्युगा आणि जॉन स्वेलर यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले आहे. बारावीला वाणिज्य शाखेत लेखाशास्त्र पक्के केलेल्या मुलीला एफ.वाय.बी.कॉम.च्या सुरुवातीच्या तासांत नवे काही मिळत नसेल, तर तिचा कंटाळा समजण्यासारखा आहे. धोका पुढे असतो. ओळखीचे प्रकरण संपून अनोळखी प्रकरण कधी सुरू झाले हे वर्गात नसलेल्या मुलीला कळत नाही.

तिसऱ्या गटाचे रहस्य परीक्षेत आहे. प्रश्न वर्षानुवर्षे त्याच ठरावीक भागांतून येत असतील, तर वरच्या वर्गातल्या कोणाकडून मिळालेली आयएमपी प्रश्नांची झेरॉक्स हेच सर्वांत कार्यक्षम पाठ्यपुस्तक बनते. आपल्या मामाचा पहिला वर्ग अनेकदा या जातीचा असतो. त्याच विद्यापीठात प्रयोगकला शाखाही आहे, जिची परंपरा संगीतज्ञ मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या गायनशाळेपर्यंत मागे जाते. तिथे तबल्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आदल्या रात्री हात बसवून घेता येत नाही, कारण परीक्षकासमोर जे वाजवायचे तेच कौशल्य शिकायचे असते. परीक्षा आणि विद्या यांच्यात जिथे फट नाही तिथे दांडी परवडत नाही. जिथे फट रुंद आहे तिथे ती सहज परवडते.

वर्गात काय चालते यालाही महत्त्व आहेच. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण ३३.८ टक्के होते आणि विद्यार्थ्यांकडून प्रश्न सोडवून घेणाऱ्या, चर्चा घडवून आणणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून सांगत असतील आणि विद्यार्थी उतरवून घेत असतील, तर असा तास बुडवणाऱ्याचे नुकसान थोडेच. मात्र कोणता तास उपयोगाचा हे ठरवण्यात विद्यार्थी स्वतः फारसा भरवशाचा नसतो. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या पद्धतीने शिकलेल्यांचे गुण अधिक आले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. डोक्याला ताण पडला की शिकणे अवघड वाटते, आणि ओघवते व्याख्यान ऐकले की सगळे समजल्यासारखे वाटते.

सगळी दांडी आळसातून येते असेही नाही. सिंगापूरमधील एका विद्यापीठात वायफायच्या नोंदींवरून उपस्थिती मोजली गेली, तेव्हा सकाळी आठच्या व्याख्यानांना ती नंतरच्या व्याख्यानांपेक्षा सुमारे १० टक्के-बिंदूंनी कमी भरली. भारतात अनेक ठिकाणी दिसणारी ७५ टक्के हजेरीची अट असल्या कारणांत भेद करत नाही, आणि प्रॉक्सीची प्रथा पाहता ती खरी हजेरी तरी मोजते का, हीही शंकाच आहे.

चांगले गुण मिळाले म्हणजे विषय आला असे मानायचे का, यावर हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांचे १९९१ चे संशोधन अनपेक्षित प्रकाश टाकते. शाळेतील बीजगणित पुढच्या ५० वर्षांत लोकांच्या किती लक्षात राहते, हे त्यांनी तपासले. ज्यांनी पुढची काही वर्षे गणिताचे वरचे अभ्यासक्रम केले आणि त्यात बीजगणित पुन्हा पुन्हा वापरले, त्यांचे ज्ञान अर्धशतकानंतरही जवळजवळ शाबूत होते, मधल्या काळात त्यांनी उजळणी केलेली नसली तरीही. ज्यांचे शिक्षण एका वर्षात संपले, त्यांची कामगिरी अंदाजपंचे उत्तर देण्याच्या पातळीजवळ घसरली होती. किती काळ आणि किती अंतराने सराव झाला यावर टिकणे अवलंबून होते. त्या काळी मिळालेल्या गुणांचा त्याच्याशी फारसा संबंध आढळला नाही. विद्यापीठाच्या कलाभवनात अभियांत्रिकी शिकणाऱ्याच्या बाबतीत या निष्कर्षाचा अर्थ व्यावहारिक आहे. पहिल्या वर्षीचे अवकल समीकरण तिसऱ्या वर्षी नियंत्रण प्रणालीच्या पेपरात पुन्हा समोर येते. पहिल्या वर्षी ते एका रात्रीत उरकून चांगले गुण मिळवलेल्याला तेथे ते नव्याने शिकावे लागते, आणि या वेळी सोबत नियंत्रण प्रणालीही शिकायची असते.