शेंड्यावरचा वारा

मे महिन्यात सोलापुरात वळीव येतो तेव्हा आधी धूळ उठते, मग पत्रे वाजू लागतात. गच्चीवरचं वाळवण गोळा करताना शेजारचा मोबाइल टॉवर बघून कुणीतरी विचारतंच, "हा टिकेल ना?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

आपल्याकडे वाऱ्याच्या भाराचा हिशोब आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे होतो. त्याची सुधारित आवृत्ती २०१५ची. वारा दिवसभर सरासरी किती वाहिला, याला इथे महत्त्व नाही. मोकळ्या माळावर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, ३ सेकंदांचा झोत किती जोराचा, हे बघायचं. त्यानुसार देशाचे सहा पट्टे पाडले आहेत, सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत. पुणे ३९मध्ये येतं, मुंबई ४४मध्ये. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर.

हा वेग ५० वर्षांतून सरासरी एकदा ओलांडला जाईल असा धरलेला असतो. ऐकायला फार दूरचं वाटतं. पण गणित केलं तर त्या ५० वर्षांत तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता जवळजवळ ६३ टक्के निघते! म्हणून दळणवळणाच्या टॉवरसाठी १०० वर्षांचा हिशोब धरतात आणि ३९च्या पट्ट्यात वेग १.०६ने गुणतात.

खरी गोम वर्गात आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणून मिळतो. पुण्याहून मुंबईचा वेग जेमतेम १३ टक्के जास्त, दाब मात्र २७ टक्के जास्त. उंचीचंही तसंच. मोकळ्या जागेत ५० मीटरवर वेग १० मीटरवरच्या १.१७ पट होतो, म्हणजे दाब ३७ टक्क्यांनी वाढतो.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांकडे नीट बघा. काठी सरळ उभी असते तोवर तिचं वजन पेलता येतं. शेंडा जरा कलला, की सगळा ताण खाली पेलणाऱ्याच्या अंगावर येतो. टॉवरचंही तेच: बळ जितकं वर, तितकं बुडाशी वाकवणं जास्त. म्हणून तर टॉवर खाली रुंद, वर निमुळता असतो, आणि अंग जाळीचं. वारा जाळीतून निघून जातो. अर्थात पूर्ण नाही. जाळीच्या प्रत्येक अँगलला, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीला, तो धडकतोच.

आता त्या जाळीवर अँटेना चढवा. ३९च्या पट्ट्यात, ३० मीटर उंचीवर, वाऱ्याला सामोऱ्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १३० किलो वजनाइतका दाब येतो. अँटेनाच्या आकारानुसार प्रत्यक्ष भार आणखी वाढू शकतो. जाळीतून वारा निघून जायचा, डिशमधून जात नाही. मला काळजी वाटते ती इथे. टॉवर बांधताना हिशोब चार अँटेनांचा झाला आणि पुढे एकेक करत आठ झाल्या, तर कागदावरचा टॉवर आणि उभा टॉवर वेगळे झाले. प्रत्येक नव्या अँटेनेआधी पायाच्या बोल्टपर्यंत पुन्हा गणित व्हायला हवं, मग ती अँटेना वजनाला कितीही हलकी असो. वाऱ्याला वजन दिसत नाही, पृष्ठभाग दिसतो.