ग्लेनकोलमकिल : अटलांटिककाठच्या एका आयरिश गावाची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या वायव्येला असलेल्या डोनेगल काउंटीचा नैर्ऋत्य कोपरा जिथे अटलांटिक महासागरात शिरतो, तिथे ग्लेनकोलमकिलचे खोरे आहे. नकाशावर एकच नाव दिसत असले तरी प्रत्यक्षात ही विखुरलेल्या वाड्यावस्त्यांची वसाहत आहे. दुकाने आणि पब असलेले कॅशेल हे मधले गाव, समुद्राकडे मॅलिन मोर आणि मॅलिन बेग, डोंगरापलीकडे कॅरिक, आणि सुमारे 600 मीटर उंचीच्या स्लीव्ह लीग कड्यांच्या कुशीतले टीलिन हे मच्छीमारांचे बंदर, असा हा सगळा मुलूख एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या एका पंचक्रोशीत, मोडतो. पर्यटकांसाठीच्या पत्रकांत या खोऱ्याचे वर्णन काळ थांबलेले ठिकाण असे हमखास येते. इतिहास पाहिला की हे वर्णन टिकत नाही. गवती छपरांची घरे, संताच्या नावाची पदयात्रा, फिडलचे (म्हणजे व्हायोलिनचे) वादन, आयरिश भाषा, यांपैकी जे आज टिकलेले दिसते ते त्या त्या काळच्या माणसांनी ठरवून, बरेचदा सभा घेऊन आणि वर्गणी गोळा करून टिकवलेले आहे.

वस्ती मात्र खरोखरच फार जुनी आहे. मॅलिन मोरजवळची क्लोहनमोर ही मोठमोठ्या शिळांची दफनवास्तू सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी समाजाने उभारली. खोऱ्याला नाव मिळाले ते संत कोलंबा याच्यावरून. आयरिश परंपरेत त्याला कोलम किल म्हणतात. त्याचा जन्म 521 च्या सुमारास डोनेगलमध्येच झाला, 563 मध्ये तो समुद्रापार स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आयोना बेटावर गेला आणि तेथे त्याने मठ स्थापन केला. तो स्वतः या खोऱ्यात किती काळ राहिला हा श्रद्धेचा विषय आहे. परंतु क्रूस आणि भौमितिक नक्षी कोरलेल्या ज्या उभ्या शिळा येथे जागोजाग आहेत, त्यांवरून आरंभीच्या मध्ययुगात येथे ख्रिस्ती धर्माचे चांगलेच ठाणे होते हे दिसते.

दरवर्षी 9 जूनला, संताच्या स्मृतिदिनी, या शिळांना जोडणारी 'तुरस' ही पदयात्रा निघते. तिची पंधरा स्थाने असून वाट सुमारे पाच किलोमीटरची आहे, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ती अनवाणी चालायची असते. प्रत्येक स्थानी प्रार्थना म्हणत उजवी घालून प्रदक्षिणा करायच्या, पुढे पाणथळ जमीन आणि ओढा ओलांडून चढ चढायचा, आणि संताच्या नावाच्या विहिरीकडे जाताना हातात दगड घेऊन तेथील राशीत टाकायचे. ती दगडांची रास पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंनी इतकी वाढवली आहे की विहीर तिच्या आडोशाला गेली आहे. या वाटेवर 1828 साली बांधलेले प्रोटेस्टंट पंथाचे चर्चही लागते आणि त्याचा परिसर यात्रेच्या स्थानांत येतो. कॅथलिक यात्रेची वाट प्रोटेस्टंट चर्चच्या दारावरून जावी आणि त्याचे कोणाला वावडे नसावे, ही गोष्ट आयर्लंडचा धार्मिक इतिहास ठाऊक असणाऱ्याला सहज ओलांडून जाता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत येथील जमीन 'रनडेल' पद्धतीने कसली जाई. नात्यागोत्यातली काही कुटुंबे मिळून एक शिवार खंडाने घेत, चांगली आणि वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला यावी म्हणून तिचे लहान लहान तुकडे विखरून वाटून घेत आणि डोंगरावरची चराई सामाईक ठेवत. जमीनदारांना ही गुंतागुंत नकोशी होती. त्यांनी बांध मोडून सरळ पट्ट्यांची शेते आखली आणि घरेही एकमेकांपासून दूर नेली. आज डोंगरउतारावर दिसणारी उभ्या पट्ट्यांची रांग आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक घर ही रचना त्या फेरआखणीची आहे. ती प्राचीन नव्हे, हे प्रवासवर्णने लिहिणारे बहुधा विसरतात.

1845 पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाने आयर्लंडभर जो महादुष्काळ आला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. डोनेगलला दुष्काळाच्या त्या वर्षांपेक्षा नंतरच्या शंभर वर्षांची गळती अधिक भोवली. काउंटीची लोकसंख्या 1841 मध्ये सुमारे 2,96,000 होती, ती 1961 मध्ये सुमारे 1,14,000 वर आली. दरवर्षी उन्हाळ्यात बायकापुरुषांच्या टोळ्या बटाटे काढण्यासाठी स्कॉटलंडला जात. कोवळ्या वयाची मुले मजुरांच्या बाजारात उभी राहत आणि पूर्वेकडच्या सधन शेतकऱ्यांकडे सहा सहा महिन्यांच्या बोलीने कामाला लागत. घरी राहिलेल्या बायका मोजे विणत. त्याचा मोबदला दुकानदार अनेकदा रोख न देता चहा-साखरेच्या रूपात देई, आणि तोच दुकानदार कुटुंबाचा सावकारही असे. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे ठेवणाऱ्या 1921 च्या फाळणीनंतर डोनेगलची नैसर्गिक बाजारपेठ असलेले डेरी शहर सीमेपलीकडे गेले. सुमारे 25 किलोमीटरवरच्या किलीबेग्सपर्यंत 1893 पासून येणारी अरुंदमापी रेल्वेही 1959 च्या अखेरीस बंद झाली.

या अभावाच्या काळातही खोऱ्याचे सामाजिक जीवन कमालीचे भरगच्च होते. दलदलीतून पीट (जळणाची माती) कापणे, गवत साठवणे, छप्पर शाकारणे अशी मोठी कामे शेजाऱ्यांनी एकमेकांकडे आळीपाळीने करण्याची 'मेहल' ही पद्धत होती, जी वाचून आपल्याला इर्जिकीची आठवण व्हावी. हिवाळ्याच्या रात्री ठरावीक घरी मंडळी जमत, आणि तेथे कथा, गाणी आणि फिडल चाले. टीलिनचा शॉन ओ होही हा तरुण 1935 मध्ये आयरिश लोककथा आयोगाचा पूर्णवेळ संकलक झाला आणि पुढे अनेक दशके तो डोनेगलभर फिरून वृद्धांच्या तोंडून कथा नोंदवत राहिला. संकलकांना मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे एडिफोन यंत्र दिले जाई. मजकूर वहीत उतरवून झाला की नळकांडे तासून पुन्हा वापरायचे, कारण नवीन घेण्याइतके पैसे आयोगाकडे नव्हते. शब्द राहिले आणि आवाज बहुतांशी पुसले गेले, ते असे.

1951 मध्ये फादर जेम्स मॅकडायर हे धर्मगुरू येथे नेमले गेले. त्यांचा जन्म 1910 चा, जवळच्याच ग्लेन्टीझ भागातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी इंग्लंडमध्ये काम केले होते आणि त्यानंतर डोनेगलच्या किनाऱ्यापलीकडच्या टोरी बेटावर. खोऱ्यात तेव्हा वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते, डांबरी रस्ते नव्हते, आणि रोजगार देणारा एकही उद्योग नव्हता. तरुण जात होते, त्यामुळे लग्ने होत नव्हती, आणि लग्ने नाहीत म्हणून शाळेची पटसंख्या घटत होती. मॅकडायर यांचे पहिले मोठे काम कारखान्याचे नव्हते, सभागृहाचे होते. गावकऱ्यांनी श्रमदानाने काही आठवड्यांतच ते बांधून काढले आणि 1953 च्या सुमारास तेथे नाच, नाटके आणि बैठका सुरू झाल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आपण मिळून एखादी गोष्ट उभी करू शकतो हे लोकांनी आधी डोळ्यांनी पाहिले, आणि मग वीज, पाणी, रस्ते यांसाठी सरकारदरबारी धडका सुरू झाल्या.

सहकाराची कल्पना डोनेगलला नवी नव्हती. आयरिश सहकाराचे प्रवर्तक होरेस प्लंकेट यांच्या प्रेरणेने 1889 मध्ये लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलहर येथे सहकारी दूधसंस्था निघाली होती. डोनेगलमध्येच डंगलोच्या बाजूला पॅडी गॅलहर यांनी 1906 मध्ये सहकारी संस्था काढून दुकानदार-सावकारांची पकड सैल केली होती. एकत्र खत विकत घेण्याच्या साध्या खटपटीतून ती संस्था उभी राहिली आणि गॅलहर आयुष्यभर 'पॅडी द कोप' या नावाने ओळखले गेले. मॅकडायर यांनी याच वाटेने जाऊन हातमागाचे कापड आणि विणकाम यांना जोर दिला आणि 1962 मध्ये सरकारी साखर कंपनीच्या साहाय्याने भाजीप्रक्रियेचा सहकारी कारखाना आणला. शेतकऱ्यांनी आपल्या तुकड्यांवर भाजी पिकवायची आणि प्रक्रिया तेथेच करायची, अशी ती योजना होती. जमिनी एकत्र कसण्याचाही विचार त्यांनी मांडला. धर्मगुरूच्या तोंडी ही भाषा ऐकून काहींनी त्यांना साम्यवादी ठरवले, तर पीडर ओडॉनेल यांच्यासारखे डावे लेखक पश्चिम किनारा वाचवण्याच्या चळवळीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

भाजीचा प्रयोग फळला असे म्हणता येणार नाही. पाऊस, पाणथळ जमीन आणि दूरची बाजारपेठ यांपुढे तो तग धरू शकला नाही, आणि पुढे येथील प्रक्रिया उद्योग मासळीकडे वळला, जे या किनाऱ्याला अधिक साजणारे होते. मॅकडायर यांच्या शब्दाला असलेला धर्मपीठाचा मान ही त्यांची शक्ती होती. पण सारी सूत्रे एका माणसाच्या हाती राहिली की त्याच्या पश्चात संस्थांना स्वतःच्या पायावर उभे राहणे जड जाते, हेही येथे घडले. 1987 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उपक्रमांपैकी सर्वांत टिकाऊ ठरले ते 1967 मध्ये उघडलेले लोकजीवन संग्रहालय. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतली घरे कशी होती ते दाखवणारी तीन घरे गावकऱ्यांनी नव्याने बांधली आणि त्यांत ठेवायच्या वस्तू घराघरांतून आल्या. छपराची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. भिंतीच्या माथ्यालगत दगडी खुंट्या बाहेर काढलेल्या असतात, छपरावरून आडव्या-उभ्या दोरांचे जाळे टाकून ते या खुंट्यांना करकचून बांधतात, आणि छपराचा कणा गोलसर ठेवतात, म्हणजे अटलांटिकच्या वाऱ्याला शिरायला कड सापडत नाही. आत चुलीजवळच्या भिंतीत खोलगट कोनाडा काढून त्यात बिछाना बसवलेला असतो, जो घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. स्वतःच्या गरिबीचे घर तिकीट लावून दाखवण्यात संकोच वाटणारे लोकही तेव्हा होते. कारण ज्या घरांतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी हाडे झिजवली होती, तशीच घरे आता गावाची शान म्हणून मिरवली जाणार होती.

भाषेचा इतिहासही असाच वळणाचा आहे. हा मुलूख गेल्टाख्टमध्ये, म्हणजे सरकारने आयरिशभाषक म्हणून मान्य केलेल्या प्रदेशात, मोडतो. 1984 मध्ये लिअम ओ किनिगान आणि शोसव वॉटसन यांनी येथे 'इडास गेल' ही संस्था काढली. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग आयर्लंडभर होते. या संस्थेने प्रौढांसाठी आयरिश शिकण्याची सोय केली आणि भाषेला डोंगरभटकंती, नृत्य आणि पुरातत्त्व यांची जोड दिली. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनीही येथे धडे घेतले आहेत. जगभरातून येणाऱ्या या विद्यार्थ्यांना गावातल्या घरांतून राहायला जागा मिळते, त्यामुळे भाषा हे येथील काही कुटुंबांचे उत्पन्नाचे साधनही आहे. तरीही गावातल्या तरुण पिढीच्या आपसातल्या बोलण्यात इंग्रजीचा वाटा वाढत गेला आहे, आणि 2012 च्या गेल्टाख्ट कायद्यानुसार प्रत्येक विभागाने आपला भाषा-आराखडा स्वतः तयार करून राबवायचा असल्यामुळे हा प्रश्न आता पुन्हा गावाच्याच सभागृहात येऊन ठेपला आहे.