कॅशइन्फो

प्रोसेसरमधील कॅशची (वारंवार लागणारा डेटा जवळ ठेवणाऱ्या लहान, वेगवान स्मृतीची) रचना सर्व आर्किटेक्चरांवर (प्रोसेसरांच्या प्रकारांवर) एकाच पद्धतीने मांडणारी लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) यंत्रणा. कोणत्या कोअरला (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-एककाला) किती पातळ्यांच्या कॅश आहेत, त्या केवढ्या आहेत आणि कोणते कोअर त्या मिळून वापरतात, हे तिच्यामुळे कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येते. आर्म कंपनीतील सुदीप होल्ला यांनी लिहिलेला हा कोड फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१९ मध्ये दाखल झाला.

त्याआधी एक्स८६, आयए६४, पॉवरपीसी आणि एस३९० या आर्किटेक्चरांकडे या कामासाठी आपापला कोड होता. आर्मच्या आर्किटेक्चरसाठी तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा सामाईक भाग वेगळा काढला गेला. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेत) फायली उभारणे, कोअर चालू-बंद झाला की नोंदी बदलणे ही कामे या भागाकडे आली. पातळ्या मोजणे आणि प्रत्येक कॅशचा तपशील भरणे एवढेच आर्किटेक्चरकडे राहिले. पॉवरपीसीने मात्र आपला स्वतंत्र कोड कायम ठेवला.

प्रत्येक सीपीयूच्या डिरेक्टरीत ‘कॅश’ नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात इंडेक्स०, इंडेक्स१ असे कप्पे असतात. हे आकडे म्हणजे पातळ्या नव्हेत. नेहमीच्या एक्स८६ यंत्रावर पहिले दोन्ही कप्पे पहिल्याच पातळीचे असतात, एक डेटाचा आणि एक प्रोग्रॅमच्या सूचनांचा. पातळी, प्रकार, आकार, लाइनची (एका वेळी आणल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची) लांबी, सेटची (लाइनच्या गटांची) संख्या, असोसिएटिव्हिटी (एका सेटमधील जागांची, म्हणजे वेंची, संख्या) यांसाठी स्वतंत्र फायली असतात, कारण सिसएफएसमध्ये एका फाइलीत एकच मूल्य ठेवण्याचा दंडक आहे. नोंद सीपीयूगणिक ठेवण्याचा निर्णय विशेष योग्य होता. बिग-लिटल रचनेत (ताकदवान आणि काटकसरी कोअर एकत्र असलेल्या आर्मच्या रचनेत) एकाच चिपवरील कोअरांच्या कॅश वेगवेगळ्या असतात. सर्वांसाठी मिळून एकच नोंद ठेवली असती, तर ती तिथे खोटी ठरली असती.

खरी किंमत आहे ती सामायिक वापर सांगणाऱ्या नोंदीला. एकाच डेटावर काम करणारे दोन थ्रेड (प्रोग्रॅमचे समांतर चालणारे प्रवाह) एकाच शेवटच्या पातळीच्या कॅशखाली ठेवायचे की नाही, हे आकारावरून ठरत नाही. एलएससीपीयू आणि एचडब्ल्यूलॉक ही साधने लिनक्सवर कॅशचे चित्र याच फायलींवरून काढतात.

ही माहिती मिळवणे सर्वत्र सारखे सोपे नाही. एक्स८६ वर सीपीयूआयडी ही प्रोसेसरची सूचना आकार सांगते आणि कोअरांना दिलेल्या एपिक क्रमांकांवरून भागीदारी काढता येते. आर्मवरील सीएलआयडीआर रजिस्टर सात पातळ्यांपर्यंतची माहिती देते, पण कॅश कोणाकोणात वाटली आहे ते सांगत नाही. ते डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरच्या लेखी वर्णनातून) किंवा एसीपीआय ६.२ (फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती देण्याचे मानक) मधील पीपीटीटी तक्त्यातून घ्यावे लागते. शिवाय सीसीएसआयडीआर रजिस्टरमधील सेट आणि वे यांचे आकडे कॅश साफ करण्याच्या सूचनांपुरते असतात. ते प्रत्यक्ष रचनेशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे २०१७ मध्ये ६४-बिट आर्मच्या कोडमधून त्यांचा वापर काढून टाकण्यात आला. मूल्य माहीत नसेल तेव्हा सामाईक कोड ती फाइलच दाखवत नाही. अंदाजाने आकडा भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अंदाज आणि वस्तुस्थिती यांतला फरक कळण्याचा दुसरा मार्गच नसतो.

लिनक्स ४.१० मध्ये कॅशला ‘आयडी’ देणारी फाइल जोडली गेली. शेवटच्या पातळीच्या कॅशचे हिस्से प्रोग्रॅमांना वाटून देणारी रिसकंट्रोल यंत्रणा कोणत्या कॅशबद्दल बोलत आहे, ते या क्रमांकावरून ओळखता येते.