राखणदार ते दरोडेखोर : उमाजी नाईकाची पार्श्वभूमी

सरकारने फासावर लटकवलेल्या दरोडेखोराची जयंती पुरंदर तालुक्यात दरवर्षी 7 सप्टेंबरला साजरी होते. 1791 साली भिवडीत जन्मलेल्या उमाजी नाईकाला लोक आज ‘राजे’ म्हणतात. कंपनी सरकारच्या कागदांत तो लुटारू होता. एकाच माणसाची ही दोन नावे कुठून आली, हे पाहायला गावगाड्यात शिरावे लागते.

उमाजी रामोशी समाजातला, आणि रामोशी हे मुळात राखणदार. गावात चोरी झाली की पावलांचा माग काढायचा, तो पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन द्यायचा, म्हणजे जबाबदारी त्या गावावर जाई. माग लागलाच नाही, तर भरपाईचा भार राखणदारावर पडे. या कामाचे त्याला धान्य आणि हक्क मिळत. पुरंदरसारख्या किल्ल्यांची राखणही रामोशांकडे होती. म्हणजे गावाला तो परका नव्हता; रात्री दारावरून खाकरत जाणारा तोच होता.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. नव्या राज्यात किल्ल्यांवरची रखवाली गेली, हक्क आणि वतने आटली. रानवाटा आणि वाड्यांच्या मागच्या भिंती तोंडपाठ असलेली माणसे एकदम रिकामी झाली. पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सरकारनेही हे ओळखले होते. दरोड्यांनी जेरीला आल्यावर उमाजीला माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामाला लावून पाहिले. ते टिकले नाही. मग डोक्यावर बक्षीस लागले, डिसेंबर 1831 मध्ये तो सापडला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. गंमत म्हणजे त्याचे पहिले सविस्तर चरित्र लिहिले ते त्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने, 1833 मध्ये. पोवाडे रचणाऱ्यांइतकीच भुरळ पाठलाग करणाऱ्यालाही पडली असावी.

माझ्या मते लोकांचे प्रेम इथूनच येते. सावकार आणि सारा वसूल करणारा अंमलदार या दोघांपुढे मान खाली घालणाऱ्या कुणब्याला, त्यांच्याच तिजोरीला हात घालणारा ओळखीचा माणूस आवडला. गरिबांनाही झळ पोचली असेल, पण ते लक्षात ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही.

या भाबडेपणाला एक कडू जोड आहे. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांनाच हाताशी धरून बंड उभे केले. धामारी गाव लुटले. पण साथीदारांचे लक्ष देशापेक्षा लुटीतल्या वाट्यावर आहे, अशी खंत त्यांनी स्वतःच्या लिखाणात मांडून ठेवली. शिरढोणच्या या ब्राह्मणाचे, म्हणजे फडक्यांचे, पोट पुण्यातल्या सरकारी नोकरीवर चालले होते. साथीदारांच्या घरच्या कणग्या मात्र दोन पिढ्यांपासून रिकाम्या होत्या.