बामणोली: लाँचखाली बुडालेली शिवारं

साताऱ्याहून कास ओलांडून घाट उतरलं की बामणोलीचा धक्का येतो. वनखात्याचा परवाना काढायचा, लाँच धरायची आणि वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला उतरायचं, हे ट्रेकर मंडळींना पाठ असतं. ती लाँच ज्या पाण्यावरून जाते, त्याखाली कोयनाकाठची भातखाचरं आणि जुनी गावठाणं आहेत.

कोयना धरणाचं काम १९५०च्या दशकात सुरू झालं. धरणामागचा शिवसागर जलाशय भरत गेला तशी नदीकाठची गावं उठली. काही कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे गेली. काहींनी डोंगर सोडला नाही, ती पाण्याच्या वर, उतारावर सरकली. आजची बामणोली अशीच वर आलेली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली आला. राज्याला वीज मिळाली, पण कोयनेच्या धरणग्रस्तांचे जमिनीचे दावे पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. या सगळ्या हकिकतीत मला हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते.

सुपीक काठ गेला, उरली वरकस जमीन. घरटी एखादा तरी मुंबईला, बहुधा माथाडीत. मागे राहिलेल्यांचा रस्ताच पाण्याखाली गेलेला, म्हणून पलीकडच्या गावाला जायला होडी आली. बाजार, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, सगळं होडीतून. पाहुण्यांना फिरवणाऱ्या लाँचचं मूळ या गरजेत आहे.

१९८५ साली पलीकडचं जंगल कोयना अभयारण्य झालं. वासोट्याखालचं मेट इंदवली गाव उठलं. आज तिथे जोत्यांचे दगड दिसतात. पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून या जंगलाला जागतिक वारशाचा मान मिळाला. निर्बंध वाढले तसे पर्यटकही वाढले. बामणोली, तापोळ्यात बोट क्लब उभे राहिले, घरातल्या चुलीवर पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी होऊ लागली, अंगणापलीकडे तंबू लागले. लाँच चालवणारा, भाकरी थापणारी, वाट दाखवणारा, बहुतेक सगळे धरणग्रस्तांच्याच घरातले.

आता राज्य सरकारच्या नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पात या खोऱ्यासह शेकडो गावं आली आहेत. जमिनीचे व्यवहार वाढले आहेत, आणि मुंबईत वाढलेला नातू आजोबांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंय का, ते पाहायला गावी येतो आहे.